जात्याच्या आकारात बसलेला परिच्छेद

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एका छोट्या पुस्तिकेचे काम आले. शाळेत आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या आईकडून, मावशीकडून आणि गावातल्या इतर बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या वर्षानुवर्षे वहीत उतरवून ठेवल्या होत्या, आणि घरच्या एका कार्यक्रमात वाटण्यापुरत्या दोनशे प्रती त्यांना छापून हव्या होत्या. ओव्यांची पाने सरळ होती. अडचण होती ती प्रास्ताविकाच्या एका पानाची. तो मजकूर जात्याच्या आकारात बसावा, म्हणजे वरून पाहिलेल्या जात्यासारखा गोल आणि मधोमध तोंडाची जागा कोरी, अशी बाईंची इच्छा होती. वाटी उपडी ठेवून त्यांनी एक वर्तुळ काढले होते, नाणे ठेवून दुसरे, आणि दोहोंच्या मध्ये आपल्या वळणदार अक्षरात सगळा मजकूर लिहून आणला होता. हाताने लिहिताना तो बिनतक्रार बसला होता. मला तोच बसवायला आठ दिवस लागले.

हाताला एक सवलत असते, ती टंकाला नसते. ओळ संपत आली आणि जागा उरली की लिहिणाऱ्याचा हात नकळत अक्षर पसरट करतो. जागा कमी पडली तर शेवटचा काना अंग चोरून उभा राहतो. बाईंच्या वहीतल्या पानावर एकाच शब्दातले दोन ‘त’ एकमेकांहून निराळ्या रुंदीचे होते आणि त्यात काही वावगे दिसत नव्हते. छापील अक्षराची रुंदी ठरलेली असते. त्यामुळे आकाराचा सगळा भार शब्दांवर, शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर आणि ओळ कुठे तोडायची या निर्णयावर येऊन पडतो.

आकारात मजकूर बसवायचा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोदकाचा साचा येतो. बाह्यरेषा काढायची आणि सारण भरावे तसा मजकूर आत दाबायचा. अक्षरजुळणीत असा साचा नसतो, तिथे फक्त ओळी असतात. प्रत्येक ओळ डावीकडून किती आत सरकवून सुरू करायची आणि किती लांब ठेवायची, एवढे दोनच आकडे असतात, आणि वर्तुळ, कळस, पिंपळपान हे सारे त्या आकड्यांच्या जोड्यांमधून पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस लिहायला घेतलेल्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीत नेमकी हीच कल्पना ‘पॅरशेप’ नावाच्या आज्ञेत आहे. आधी ओळींची संख्या सांगायची, मग प्रत्येक ओळीसाठी समास आणि लांबी अशी जोडी द्यायची. सांगितलेल्या ओळी संपल्या आणि मजकूर उरला, तर उरलेल्या सगळ्या ओळी शेवटच्या जोडीप्रमाणे बसतात. आणि परिच्छेद संपला की आज्ञेचा अंमलही संपतो. हे शेवटचे कलम विसरणारे लोक पुढचा परिच्छेद चौकोनी का झाला म्हणून तासभर डोके धरून बसतात. मीही बसले आहे. टेकवर उभारलेल्या लेटेकमध्ये आणखी एक खड्डा आहे. तिथल्या याद्या आपला समास सांभाळण्यासाठी आतून पॅरशेपच वापरतात, त्यामुळे यादीच्या पोटात कोणी वेगळा आकार मागितला की यादीचा समास बिघडतो.

माझ्या पानावर ओळींमधले अंतर १८ पॉइंट होते (पॉइंट हे छपाईतले माप, एका इंचात सुमारे ७२). लॅटिन लिपीच्या ११ पॉइंटांच्या मजकुराला १४ पुरते, पण आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांची सोय करावी लागते. सोळा ओळींचे वर्तुळ धरले, म्हणजे व्यास २८८ पॉइंट, साधारण १० सेंटिमीटर. ओळीचा मध्य केंद्रापासून किती दूर आहे ते घ्यायचे, त्रिज्येच्या वर्गातून त्या अंतराचा वर्ग वजा करायचा, वर्गमूळ काढून दुप्पट करायची. (ओळीचा मध्य न घेता वरची कड घेतली, तर पहिल्या ओळीची लांबी शून्य येते, हा शोध मला प्रत्यक्ष करून लागला.) पहिली ओळ १०० पॉइंटांची निघते, दुसरी १६८ची, तिसरी २०९ची, मग २३८, २५९, २७४, २८३ आणि आठवी २८७ची, नवव्या ओळीपासून हेच आकडे उलट्या क्रमाने येतात. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत ६८ पॉइंटांची उडी आहे, सातव्या आणि आठव्या ओळीत अवघ्या ४ पॉइंटांची. म्हणजे वर्तुळाचे पोट आपोआप गोल दिसते. परीक्षा असते ती डोक्याशी आणि पायाशी, कारण तिथे गोलाईच्या जागी पायऱ्या असतात, आणि त्या पायऱ्यांवर मजकूर सर्वांत आखूड, म्हणून सर्वांत हट्टी असतो.

हा हट्ट आकड्यांत मांडता येतो. बाईंच्या मजकुराचे पहिले वाक्य होते, ‘पहाटे आई जात्यावर बसायची तेव्हा घरात दुसरे कोणी जागे नसे.’ शंभर पॉइंटांच्या पहिल्या ओळीत ‘पहाटे आई जात्यावर’ एवढेच मावत होते, ‘बसायची’ बाहेर जात होते, आणि ओळ १० पॉइंटांनी कमी पडत होती. माझ्या टंकात दोन शब्दांमधली जागा सुमारे ३.३ पॉइंटांची आहे आणि ती आणखी १.६७ पॉइंट ताणली तर डोळ्याला खुपत नाही. या ओळीत अशा जागा दोनच, म्हणजे ताणाची मुभा ३.३ पॉइंट आणि गरज १० पॉइंटांची, मुभेच्या तिप्पट. टेक या गुणोत्तराचा घन करून त्याला १०० ने गुणते आणि त्या आकड्याला ओळीचा वाईटपणा मानते. इथे तो आला २७००, आणि सहसा २०० च्या वरची ओळ टेक तक्रारीशिवाय स्वीकारत नाही. तेच १० पॉइंट मधल्या २८७ पॉइंटांच्या ओळीत कमी पडले असते, तर तिथे नऊ जागा आहेत, मुभा १५ पॉइंटांची आहे, आणि वाईटपणा ३० वर थांबला असता. एकाच उणिवेची किंमत आखूड ओळीत नव्वदपट होते. चिंचोळ्या आकारात बसवलेला मजकूर विरळ आणि भोकाभोकांचा का दिसतो, त्याचे कारण एवढ्या एका गणितात आहे.

क्नूथ आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल प्लास यांनी १९८१ साली ओळी तोडण्याच्या पद्धतीवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातल्या विचाराचा फायदा आकारांना विशेष होतो. ब्राउझर किंवा लेखनाची साधी सॉफ्टवेअरे सहसा ओळीमागून ओळ भरत जातात. एका ओळीत मावतील तेवढे शब्द घातले की ती ओळ मिटली, पुढचे पुढे. टेक मात्र पूर्ण परिच्छेद हातात घेऊन, तो तोडण्याच्या साऱ्या शक्यतांमधून एकूण सर्वांत कमी वाईट असलेली निवडते, आणि हे करताना प्रत्येक ओळीची लांबी वेगळी असू शकते हे तिने आधीच धरलेले असते. त्यामुळे नवव्या ओळीतली अडचण सोडवण्यासाठी ती चौथ्या ओळीतला एक शब्द खाली ढकलू शकते. ॲडोबीच्या इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्येही १९९९च्या पहिल्या आवृत्तीपासून अनेक ओळींचा एकत्र विचार करणारी जुळणी आहे. जे छापखाने मजकूर चित्राभोवती किंवा चित्रात वळवतात, त्यांनी ती बंद ठेवली असेल तर आधी ती चालू करावी आणि मग हाताने ढकलाढकली करावी, एवढे मी आवर्जून सांगेन.

इथपर्यंतचे सगळे कोणत्याही लिपीला लागू आहे. देवनागरीची खरी गोष्ट शिरोरेघेपासून सुरू होते.

रोमन अक्षरांच्या ओळीची टोके मुळात मऊ असतात. ‘ओ’सारखे गोल अक्षर कडेला आले की कड जराशी आत वळते, उभ्या दांड्याचे आले की सरळ होते, आणि पायऱ्यांची धार त्यात थोडी विरघळते. आपल्या ओळीच्या माथ्यावर मात्र एक आडवी पट्टी असते आणि ती जिथे संपते तिथे कापल्यासारखी संपते. त्यामुळे देवनागरीतले वर्तुळ लांबून पाहिले, तर सोळा आडव्या काठ्या एकावर एक रचल्यासारखे दिसते, आणि जिना लपत नाही. याची दुसरी बाजू अशी की या काठ्यांमुळेच आकार चटकन ओळखू येतो. रोमन परिच्छेदात तो राखाडी ढगासारखा दिसतो, आपल्याकडे रेघांनी रेखाटल्यासारखा. तोट्याची बाजू शब्दांमधल्या जागेत आहे. दोन शब्दांमध्ये शिरोरेघ तुटते, आणि ती जागा दीडपट झाली की काठीला पडलेली खाच लगेच नजरेत भरते. अशा खाचा दोन-तीन ओळींत एकाखाली एक आल्या, तर वर्तुळाला तडा गेल्यासारखा दिसतो. दगडाच्या जात्याला तो शोभलाही असता, पण बाईंना ते पटवून देण्याचे धाडस माझ्यात नव्हते.

उंचीचाही एक प्रश्न आहे. ओळीचा मध्य म्हणून मी आधी १८ पॉइंटांच्या पट्टीचा मध्य घेतला होता, पण डोळ्याला दिसणारा ओळीचा भार शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतच असतो. वेलांट्या आणि उकार हे त्याबाहेरचे तुरे. पहिल्या छापील नमुन्यात जाते किंचित वर सरकलेले वाटत होते, कारण वरच्या ओळीत ‘पहाटे’ची मात्रा आणि ‘आई’ची वेलांटी आकाशात गेली होती आणि तळाच्या ओळीत एकही उकार नव्हता. केंद्र २ पॉइंट खाली घेतले तेव्हा ते बसले. हे मोजमाप सूत्राने निघत नाही. कागद हातभर लांब धरून डोळे बारीक करावे लागतात.

रोमनमध्ये आखूड ओळ भरून काढण्याचा आणखी एक चोरटा मार्ग असतो, तो म्हणजे अक्षरे एकमेकांपासून किंचित लांब करणे. देवनागरीत तो बंद आहे. अक्षरांमध्ये फट पडली की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. लग्नपत्रिकांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर अशी दात पडलेली नावे आपण पाहतोच. म्हणून हाती उरते ते शब्द तोडणे. मराठी शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटत जातात, त्यामुळे आपले शब्द लांब असतात आणि तोडायला जागाही भरपूर असते. टेकच्या कुटुंबात मराठीसाठी शब्द तोडण्याचे नमुने उपलब्ध आहेत. भारतीय भाषांचे हे नमुने संतोष तोट्टिंगल यांनी केले आहेत. जोडाक्षर फोडायचे नाही, काना-मात्रा आपल्या अक्षरापासून दूर करायची नाही, हे ते चोख सांभाळतात. पण ते अक्षरे पाहतात, अर्थ पाहत नाहीत. माझ्या मजकुरात ‘दळणकांडणाच्या’ हा शब्द ओळीच्या कडेला आला आणि तुटला तो ‘दळणकां-’ आणि ‘डणाच्या’ असा. व्याकरणाच्या अंगाने यात चूक नाही. ऐकायला मात्र कोणीतरी उखळातच अडखळल्यासारखे वाटते. मी त्या शब्दाला एकच तोड नेमून दिली, ‘दळण-कांडणाच्या’, आणि मग हाच नियम सगळ्या सामासिक शब्दांना लावून त्यांची वेगळी यादी केली. आकारात बसवलेल्या मजकुरात तोडलेल्या शब्दांची संख्या नेहमीपेक्षा जास्त असते, म्हणून ही यादी करण्यात घालवलेला अर्धा तास वाया जात नाही.

आता जात्याचे तोंड. पॅरशेपला एका ओळीत एकच तुकडा कळतो, मध्ये भोक असलेली ओळ तिला सांगता येत नाही. इथे डोनाल्ड आर्सेनो यांचे ‘शेपपॅर’ नावाचे पॅकेज, म्हणजे टेकला जोडायची तयार पुरवणी, उपयोगी पडते. त्यात बदाम, षटकोन, चांदणी असे काही तयार आकार आहेत, आणि एक आकार चक्क लोखंडी नटाचा आहे, बाहेर षटकोन आणि आत गोल भोक असा. भोकाची युक्ती साधी आणि देखणी आहे. भोकाच्या डावीकडचा आणि उजवीकडचा तुकडा या दोन स्वतंत्र ओळी आहेत असे सांगून परिच्छेद पॅरशेपने जुळवायचा, आणि जुळवून झाल्यावर एकाखाली एक आलेले ते दोन तुकडे उचलून एकाच उंचीवर शेजारी शेजारी ठेवायचे. ओळी तोडणाऱ्या यंत्रणेला भोकाचा पत्ताही लागत नाही. शिवाय मजकूर दिला की आकार लहान-मोठा करून पाहत, तो पुरेपूर भरेल असे माप हे पॅकेज स्वतः शोधते.

मी तोंडाचा व्यास चार ओळींचा, म्हणजे ७२ पॉइंटांचा ठेवला. त्यामुळे सातवी ते दहावी या चार ओळींचे आठ तुकडे झाले, आणि कडेने हवा खेळायला थोडी जागा सोडल्यावर प्रत्येक तुकडा १०३ ते ११२ पॉइंटांचा उरला. म्हणजे वर्तुळाच्या पोटातला जो भाग आरामाचा म्हणून मी मोजला होता, तिथे पहिल्या ओळीइतक्याच हट्टी आठ ओळी तयार झाल्या. त्याहून मोठी भीती वाचकाची होती. भोकापाशी आल्यावर डोळा ते ओलांडून त्याच ओळीत पलीकडे जाईल, की हे दोन स्तंभ आहेत असे समजून डावीकडेच खाली उतरेल? माझ्या भाच्याला नमुना वाचायला दिला तेव्हा तो सरळ खाली उतरला आणि त्याला काही खटकलेही नाही, कारण मराठी वाक्यात शब्दांची जागा इतकी सैल असते की चुकीच्या क्रमानेही अर्थाचा भास होतो.

या बाबतीत मला धीर दिला तो जुन्या पोथ्यांनी. ताडपत्रांच्या पोथ्यांना दोरा ओवण्यासाठी भोक पाडत, आणि लिहिणारा त्या भोकाभोवती चौकोनी जागा कोरी सोडून ओळ पलीकडे चालू ठेवी. पुढे कागद आला, दोऱ्याची गरज उरली नाही, तरी पश्चिम भारतातल्या जैन पोथ्यांमध्ये पानाच्या मध्यभागी चौकट किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची जागा कोरी सोडण्याची, तिथे रंगीत टिकली काढण्याची चाल कितीतरी काळ टिकली. म्हणजे भोक ओलांडून वाचणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. त्या लेखनिकांना एक सोय होती, जी आपण गमावली आहे. ते शब्द सलग लिहीत आणि ओळ कोणत्याही अक्षरानंतर तोडत, त्यामुळे ताणायला शब्दांमधली जागाच नव्हती आणि आकार हवा तसा भरता येई. पोथ्यांकडून मी दोन गोष्टी उचलल्या. भोकाची बाजूची मोकळी जागा कमी केली, म्हणजे डाव्या तुकड्याचे शेवटचे अक्षर तोंडाच्या काठावर उभे राहून पलीकडे हाक मारते आहे असे वाटावे. आणि शक्य तिथे डावा तुकडा अशा शब्दावर संपवला की वाक्य अर्धवट लोंबकळत राहावे. ‘आईच्या’ या शब्दावर कोणाचाही डोळा थांबत नाही, त्याला पुढचे नाम हवेच असते. भाच्याने दुसऱ्यांदा वाचले तेव्हा तो भोक ओलांडून गेला. तिसरी गोष्टही पोथीचीच म्हणायची. आकारात एकच परिच्छेद मावतो, बाईंचे तीन होते. मग परिच्छेद जिथे संपतो तिथे नवी ओळ न घेता ‘॥’ हा दुहेरी दंड घातला. ओव्यांच्या पुस्तिकेत तो परकाही वाटला नाही.

माप ठरवताना एक ढोबळ हिशेब फार कामाला येतो. सगळा मजकूर एकाच लांब ओळीत मांडला तर जी लांबी भरेल, तिला ओळींमधल्या अंतराने गुणायचे. जे येते ते मजकुराचे क्षेत्रफळ, आणि तेच आकाराचे क्षेत्रफळ असायला हवे. माझ्या टंकात एक शब्द जागेसकट सरासरी ३० पॉइंट घेत होता. बाईंचे १४० शब्द म्हणजे ४२०० पॉइंट. त्यात भोकाची भर घातली की वर्तुळाचा व्यास ३२० पॉइंटांवर, सव्वाअकरा सेंटिमीटरांवर जात होता, आणि ए-पाच आकाराच्या पानावर समास सोडून माझ्याकडे साडेदहा सेंटिमीटरच होते. अक्षर लहान करावे, तर वाचणाऱ्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. ओळी जवळ आणाव्यात, तर उकार खालच्या वेलांटीत अडकतात. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते, म्हणून मजकूर वीस टक्के कमी केला तरी व्यास दहा टक्केच आक्रसतो. सोळा ओळींच्या जात्यात ११३ शब्द बसत होते. सत्तावीस शब्द जायला हवे होते, आणि ते काढण्याचा अधिकार माझा नव्हता.

बाईंना फोन केला. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या निबंधांतून ज्यांनी अशाच निर्दयपणे शब्द खोडले होते त्यांना शब्द कमी करा म्हणून सांगण्याचा प्रसंग मला अवघड वाटत होता, पण त्या वही घेऊनच बसल्या आणि वीसेक शब्द पहिल्या पाच मिनिटांत गेले. अडलो ते पहिल्या ओळीवर.

“बाई, पहिल्या ओळीत ‘पहाटे आई जात्यावर’ एवढेच मावते, आणि तरी जागा उरते. थोडे काही वाढवता येईल?”

“किती वाढवायचं?”

“एक अक्षर.”

“एक अक्षर?” त्या हसल्या. “आईची आजी केली तर?”

“चालेल की. पण खरे कोण दळायचे?”

“आईच.” पलीकडे वहीचे पान उलटल्याचा आवाज आला. “अगं, मग ‘पहाटेच’ म्हण ना. पहाटेच असायचं ते. उजाडल्यावर बसली तर सासूबाई बोलायच्या.”

‘च’ची रुंदी ८ पॉइंट. १० पॉइंटांची उणीव २ वर आली, आणि २७०० चा आकडा २२ वर. व्याकरणात ज्याला शब्दयोगी अव्यय म्हणून दोन गुणांचा प्रश्न येतो, त्या ‘च’ने ओळ भरली, आणि वाक्यही आधीपेक्षा खरे झाले. मराठीत अशी एक-दोन अक्षरांची पाचर नेहमी हाताशी असते: ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘ना’. मात्र ती अर्थ बदलते, म्हणून ती कुठे घालायची हे लिहिणाऱ्यानेच सांगायला हवे. जुळणी करणाऱ्याने परस्पर घातली तर ती लबाडी होते. शिशाचे खिळे जुळवून छापण्याच्या काळात जुळाऱ्याला हे सुख नव्हते, त्याला हस्तलिखित पवित्र होते. आकारासाठी तो ओळीच्या दोन्ही बाजूंना कोरे शिसे भरून ओळ पूर्ण मापाची करी आणि पुढच्या ओळीला लागे. आल्डस मानुशियसच्या व्हेनिसमधल्या छापखान्यातून १४९९ साली निघालेल्या एका प्रसिद्ध सचित्र ग्रंथात मजकूर निमुळता होत चषकासारखा उतरतो, तोही असाच, ओळीगणिक शिसे भरून.

लग्नपत्रिकेच्या धंद्यात आजही मजकूर गणपतीच्या किंवा कलशाच्या आकारात मागणारे येतात, आणि तिथे अक्षरे ताणून, दाबून, वाकवून काम भागवले जाते. मला ते आवडत नाही. अक्षर वाकवले की आकार दिसतो आणि वाचणे संपते. मग ते नक्षीकाम म्हणावे, परिच्छेद म्हणू नये. वेबवर अडचण वेगळी आहे. तिथे सीएसएस या पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेतल्या ‘शेप-आउटसाइड’ने मजकूर एखाद्या गोल चित्राच्या बाहेरून वळवता येतो, पण आकाराच्या आत भरण्याची तशी सोय ब्राउझरांत नाही, लोक दोन्ही बाजूंना अदृश्य आकार उभे करून मधल्या पोकळीत मजकूर वाहू देतात. एकट्या पोस्टरचे काम असेल तर इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हवा तो आकार काढून त्यात मजकूर सोडणे सर्वांत सोपे. माझ्या पुस्तिकेची बाकीची पाने झीटेक या टेकच्याच एका रूपात होती, त्यात देवनागरीची जोडाक्षरे नीट उतरतात आणि टंकाला भाषा मराठी आहे असे सांगितले की, टंकात सोय असेल तर, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे मिळतात. एका पानासाठी दुसरे साधन आणले असते तर त्या पानावरचा ‘श’ पाहुण्यासारखा वेगळा दिसला असता.

शेवटच्या ओळीची एक छोटी गोष्ट राहिली. परिच्छेदाची शेवटची ओळ अर्धी सोडण्याची टेकची रीत असते. वर्तुळात ती अर्धी राहिली तर जात्याचा टवका उडाल्यासारखा दिसतो. ती भरायला लावणारी आज्ञा द्यावी लागते, आणि मग शेवटचे दोन-तीन शब्द बरोबर १०० पॉइंटांचे निघेपर्यंत पुन्हा बाईंचा फोन लावावा लागतो.

पाचव्या दिवशी पान जुळले असे मला वाटले. छापील नमुना घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा चढवला, कागद आडवा धरला, उभा धरला, बोटाने भोक ओलांडत ओलांडत सगळा मजकूर मोठ्याने वाचला, आणि विचारले, “खुंटा कुठाय?”

जात्याला खुंटा असतो हे मी विसरले होते. वरून पाहिले तर तो काठाजवळच्या एका लहान वर्तुळासारखा दिसतो, म्हणजे आणखी एक भोक, तेही कडेला. तिथे उरणारा उजवीकडचा तुकडा एका अक्षराचाही झाला नसता, म्हणून तुकडा न ठेवता चौथी आणि पाचवी ओळ उजवीकडून तीस-तीस पॉइंटांनी आखूड केली. एकूण साठ पॉइंट गेले, म्हणजे आणखी दोन शब्द. बाईंनी ‘अगदी’ आणि ‘खरोखर’ हे दोन दिले. त्यांनी दिले तरी पुढच्या सगळ्या ओळी हलल्या, ‘आईच्या’ हा शब्द तोंडाच्या काठावरून निसटला, आणि तो परत तिथे आणण्यात तीन दिवस गेले. मोकळ्या झालेल्या जागेत नुसते वर्तुळ काढले तर ते डागासारखे दिसत होते. म्हणून पुस्तिकेत तेवढ्या एका पानाचा आकडा तळाशी नाही; तो जात्याच्या उजव्या खांद्याला, चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या टोकाशी, लहानशा वर्तुळात उभा आहे.